शीट टेबलावर, शिक्षक दूर: आर्किटेक्चरचा स्टुडिओ ऑनलाइन कसा चालवावा

स्टुडिओत शिक्षक विद्यार्थ्याच्या शीटवर बटर पेपर (खालचं दिसेल असा पातळ कागद) टाकतो, पेन्सिल हातात घेतो आणि जिना दीड फूट सरकवून दाखवतो. आर्किटेक्चरचं निम्मं शिक्षण त्या एका कृतीत असतं. ऑनलाइन वर्गात नेमकी तीच कृती हरवते. स्लाइड दाखवणं, लेक्चर घेणं, परीक्षा घेणं हे सगळं कसंही जमतं, त्यामुळे तयारीची बहुतेक मेहनत हात आणि कागद एकमेकांना दिसावेत यावर खर्च करा.

हा लेख पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा डिझाइन स्टुडिओ पहिल्यांदाच ऑनलाइन घेणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. एक गोष्ट आधी स्पष्ट असू द्या. भारतात बी.आर्क. ही पदवी पूर्णपणे दूरशिक्षणाने घेता येत नाही, वास्तुकला परिषद अशी पदवी मान्य करत नाही. इथली पद्धत उपयोगी पडते ती कॉलेज बंद असतानाच्या काळात, दुसऱ्या शहरातला पाहुणा शिक्षक शिकवणार असेल तेव्हा, सुट्टीतल्या कार्यशाळेसाठी किंवा आजारपणामुळे घरी असलेल्या विद्यार्थ्यासाठी. एका शिक्षकामागे ८ ते १० मुलं, एवढाच गट घ्या. १५ च्या पुढे गेलात की क्रिटचं, म्हणजे विद्यार्थ्याच्या शीटवर होणाऱ्या चर्चेचं, लेक्चर होतं.

आधी कॅमेरा

लॅपटॉपचा कॅमेरा चेहऱ्यासाठी असतो. कागदासाठी वरून खाली पाहणारा फोन लागतो, शिक्षकाकडे आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडेही. विकतचा स्टँड लागत नाही. टेबलावर प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा, त्याच्या बैठकीवर फोन असा ठेवा की कॅमेऱ्याचा भाग कडेबाहेर ४-५ सेंटिमीटर येईल, आणि फोनच्या दुसऱ्या टोकावर एक जाड पुस्तक ठेवा. साध्या स्टुलाची उंची साधारण ४५ सेंमी असते. मुख्य कॅमेऱ्याच्या व्हिडिओत एवढ्या अंतरावरून ए-३ शीट (४२० × २९७ मिमी) थोडी जागा सोडून पूर्ण मावते. ए-४ पुरेसा असेल तर ३० सेंमी उंची चालते. उंची कमी पडली म्हणून ०.५ वाला वाइड कॅमेरा लावू नका. त्यात कडेच्या सरळ रेषा वाकतात आणि विद्यार्थ्याला आपला प्लॅनच चुकला असं वाटतं.

फोन कागदाला समांतर हवा. पट्टी घेऊन मापत बसायची गरज नाही: पडद्यावर शीटच्या चारही बाजू पडद्याच्या कडांना समांतर दिसल्या की झालं.

दिवे दोन लावा, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, कागदाशी साधारण ४५ अंशांवर. डोक्यावरच्या एकाच ट्यूबलाइटने फोनची आणि हाताची सावली बरोबर जिथे काढताय तिथेच पडते. ट्रेसिंग पेपर चकाकतो, तेव्हा दिवे आणखी बाजूला न्या. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिव्याच्या आणि कॅमेऱ्याच्या वेगाचा झगडा असतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकर ५० हर्ट्झवर करा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

आता रेषेची जाडी. हा मुद्दा नव्या शिक्षकांच्या लक्षात येत नाही आणि पहिला आठवडा त्यात जातो. ७२० पिक्सेलच्या व्हिडिओत आडवे १२८० आणि उभे ७२० ठिपके असतात. त्यात अख्खी ए-३ शीट बसवली तर एका मिलिमीटरला जेमतेम अडीच ठिपके येतात. म्हणजे ०.१८ मिमीची बारीक रेष अर्ध्या ठिपक्याएवढी, आणि ती दिसतच नाही. म्हणून थेट दाखवताना ए-४ च्या जागेतच काढा आणि २बी किंवा ४बी पेन्सिल, नाहीतर ०.८ मिमीचं काळं पेन वापरा. बारीक रेषेचं काम थेट दाखवायचंच नाही, ते स्कॅन करून पाठवायचं.

फोन जोडायचे दोन मार्ग आहेत. झूमवर लॅपटॉपला दुसरा कॅमेरा म्हणून फोन जोडून शेअरच्या प्रगत पर्यायांतून ‘सेकंड कॅमेरा’ निवडता येतो. दुसरा मार्ग सोपा: फोनवरून त्याच मीटिंगमध्ये वेगळा सदस्य म्हणून या आणि त्याला ‘टेबल’ असं नाव द्या. मात्र फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर आवाज घुमतो. स्वतःच्या पडद्यावर अक्षरं उलटी दिसली तर घाबरू नका. ते आरशासारखं फक्त तुम्हालाच दिसतं, समोरच्याला सरळ दिसतं.

डेटाचा हिशेब

तीन तासांचा स्टुडिओ, सगळ्यांचे कॅमेरे सुरू. गटातल्या व्हिडिओ कॉलला साध्या प्रतीतही तासाला ८०० एमबीच्या आसपास डेटा जातो, म्हणजे तीन तासांना जवळपास अडीच जीबी. रोज दीड किंवा दोन जीबीच्या पॅकवर असलेला विद्यार्थी दोन-अडीच तासांत बाहेर. उलट फक्त आवाज आणि स्क्रीन शेअर असेल तर मिळून दीडशे केबीपीएसच्या आत भागतं, तासाला साधारण ७० एमबी. म्हणून नियम असा ठेवा: हजेरीला पाच मिनिटं सगळ्यांचे चेहरे, नंतर ज्याची क्रिट चालू आहे त्याचा आणि शिक्षकाचाच कॅमेरा. कॅमेरा बंद ठेवणं म्हणजे आळस असं मानू नका. तो पोर कदाचित घरातल्या एकाच फोनवर तीन भावंडांसोबत दिवस काढत असेल.

मोफत खात्यावर झूमची बैठक ४० मिनिटांत आणि गूगल मीटची तीन किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटांत तुटते. याचा फायदाच करून घ्या. ४० मिनिटांचे तुकडे पाडा, मध्ये १५ मिनिटं सगळ्यांनी पडदा सोडून कागदावर काम करायचं. सलग तीन तास पडद्याकडे पाहून कुणाचंही डिझाइन पुढे जात नाही.

शीट कशी मागवायची

व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या प्रतीत फोटो पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ए-३ शीटवर हे मिलिमीटरला ४ ठिपक्यांपेक्षाही कमी. १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो, मिलिमीटरला साडेनऊ ठिपके. त्यामुळे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाकायला सांगा. एवढा एक बदल केला की ‘सर, रेष काढलीय, तुम्हाला दिसत नाहीये’ हा संवाद थांबतो.

स्कॅन अ‍ॅप वापरताना ‘ब्लॅक अँड व्हाइट’ टाळा. त्यात २एच पेन्सिलच्या मदतीच्या रेषा आणि हलकं शेडिंग पुसलं जातं. ग्रे किंवा रंगीत ठेवा.

प्रमाण टिकवण्यासाठी प्रत्येक शीटवर दोन गोष्टी सक्तीच्या करा. पहिली, कडेपासून १० मिमी आत काढलेली चौकट: ए-३ वर ती बरोबर ४०० × २७७ मिमी येते. स्कॅन अ‍ॅप कोपरे ओढून शीट सरळ करतं आणि कधीकधी लांबी-रुंदीचं प्रमाण बिघडवतं. चौकट मोजली की ते लगेच पकडता येतं. दुसरी, काढलेली प्रमाणपट्टी, म्हणजे १:१०० साठी ५ मीटर दाखवणारी ५० मिमीची पट्टी. नुसतं ‘स्केल १:१००’ लिहिलेलं उपयोगाचं नाही. ए-३ शीट ए-४ वर ‘फिट टू पेज’ छापली की ती ७० टक्क्यांवर येते आणि १:१०० चा प्लॅन १:१४१ होतो. ३ मीटरची खोली ३० ऐवजी २१ मिमी भरते, शिक्षक स्केल लावतो आणि ‘पलंग मावत नाही’ म्हणून शेरा मारतो. चूक छपाईची, बोलणी विद्यार्थ्याला. पट्टी काढलेली असेल तर ती शीटबरोबरच लहान-मोठी होते आणि माप खरं राहतं.

फाइलचं नाव: रोल नंबर, शीटचं नाव, आवृत्ती. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ अशी नावं पहिल्याच दिवशी बंद करा.

क्रिट

वर्गाच्या आदल्या रात्री ९ पर्यंत शीट्स मागवा. सकाळी त्या छापा. ए-४ वर छापल्या तरी चालतं, पट्टी आहेच. मग त्या प्रिंटवर बटर पेपर टाकून वरच्या कॅमेऱ्याखाली काढत बोला. पेन टॅब्लेटपेक्षा हेच बरं, असं आमचं ठाम मत आहे. टॅब्लेटवरची रेष सगळीकडे सारखी दिसते. बटर पेपरवर हात कुठे थबकला, कुठे दाब वाढला, कुठली रेष तीनदा फिरवली हे विद्यार्थ्याला दिसतं, आणि डिझाइन करणारा माणूस विचार कसा करतो हे त्यातूनच कळतं. प्रिंटर नसेल तर शीट पडद्यावर शेअर करून अ‍ॅनोटेशनने खुणा करा, पण ती दुसरी निवड.

प्रत्येकाला १२ मिनिटं: दोन मिनिटं विद्यार्थी बोलेल, सात मिनिटं तुम्ही काढाल, तीन मिनिटं तो पुढचं काम स्वतःच्या शब्दांत सांगेल. शेवटचा भाग गाळू नका. समोरासमोर चेहऱ्यावरून कळतं की मुलाला समजलेलं नाही. इथे ‘हो सर’ एवढंच ऐकू येतं. तुमचा बटर पेपर लगेच स्कॅन करून त्याच्या फोल्डरमध्ये टाका. दहा मुलांचे दोन तास होतात, बाकीचा वेळ शीटवर काम करायला.

घर हीच साइट

ऑनलाइन स्टुडिओत एक गोष्ट कॉलेजपेक्षा सरस होऊ शकते, ती ही. कॉलेजमध्ये सगळे मिळून एकच वाडा मोजायला जातात. इथे एकजण कोकणात जांभ्याच्या कौलारू घरात असतो, एकजण मराठवाड्यात माळवदाच्या घरात, एकजण पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. प्रत्येकाला स्वतःचं घर १:५० ला मोजून काढायला सांगा, मग ओसरी, माजघर, पडवी, परसदार हे शब्द पुस्तकातून शिकवावे लागत नाहीत.

सामान: ५ मीटरची टेप, दोरी, खडू, ओळंबा म्हणून दोऱ्याला बांधलेला दगड, आणि ५ मीटर पारदर्शक नळी. कृती अशी.

आधी न मोजता घराचा ढोबळ प्लॅन पूर्ण पानभर काढा. मग एका कोपऱ्यात टेपचं शून्य ठेवून ते न हलवता दाराची कड, खिडकीची कड, पुढची भिंत अशी चढती मापं घ्या. प्रत्येक तुकडा वेगळा मोजला तर दर मापात २-३ मिमी चूक साठत जाते आणि शेवटी खोलीचं माप जुळत नाही. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. खोली ३ × ४ मीटर असेल तर कर्ण ५ मीटरच यायला हवा. तो ५.०६ आला तर कोपरा साधारण दीड अंशाने उघडा आहे. जुन्या घरात हे अगदी नेहमीचं. कर्ण मोजलेच नाहीत तर विद्यार्थी सगळे कोपरे काटकोनात काढतो आणि बाहेरची भिंत कागदावर जुळत नाही. भिंतीची जाडी दारा-खिडकीच्या चौकटीपाशी मोजा.

उंचीसाठी नळी. नळीत पाणी भरा, दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखीच राहते. अंगण, जोते, माजघर यांची उंची तिच्यावरून मोजा. आत बुडबुडा राहिला की माप चुकतं, म्हणून पाणी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी जुळते का ते आधी पाहा. जिन्याची पायरी मोजताना एक पायरी मोजून गुणू नका, पूर्ण उंची घ्या आणि पायऱ्यांच्या संख्येने भागा.

दुसरा पाठ उन्हाचा, आणि तो मुलं वेगवेगळ्या गावांत आहेत म्हणूनच रंगतो. २१ डिसेंबरच्या आसपास प्रत्येकाने सपाट जमिनीवर १ मीटरची काठी ओळंब्यात उभी करायची आणि दुपारची सर्वांत छोटी सावली मोजायची. हिशेबाप्रमाणे सावंतवाडीत ती सुमारे ८२ सेंमी, पुण्यात ९० सेंमी, नागपुरात ९९ सेंमी येते. अक्षांश म्हणजे काय हे सांगायला वेगळा नकाशा लागत नाही. घड्याळाचे बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत हेही इथेच कळतं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे, म्हणून पुण्यात सूर्य माध्यान्ही येतो तो सरासरी १२:३५ च्या सुमारास, नागपुरात १२:१४ च्या. वर्षभरात यात पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत फरक पडतो. म्हणून सव्वाबारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायला सांगा आणि सर्वांत जवळची खूण घ्या. नागपूर-अमरावतीकडच्या मुलांनी पावणेबारालाच सुरुवात करावी. सर्वांत छोटी सावली दाखवते ती अचूक उत्तर दिशा. फोनचं होकायंत्र लोखंडी जाळीजवळ चुकतं, काठी चुकत नाही.

आता हेच छज्ज्याला लावा. पुण्यात २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर लगेच ६०० मिमीचा छज्जा असेल तर त्याची सावली सुमारे ६७० मिमी खाली येते. खिडकी १२०० मिमी उंच असेल तर खालचा जवळजवळ निम्मा भाग उन्हात राहतो, आणि थंडीत तेच हवं असतं. मार्चअखेर सूर्य ७१ अंशांच्या वर जातो आणि तीच खिडकी पूर्ण सावलीत येते. २१ जूनला पुण्यातला सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे कलतो, हे ऐकून बहुतेक मुलं चकित होतात. उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा का लागतो, याचं एक उत्तर इथे मिळतं, दुसरं उत्तर पाऊस.

मॉडेल

कटिंग मॅट, सनबोर्ड, माउंट बोर्ड गावात मिळतीलच असं नाही. खोक्यांचा पुठ्ठा, बुटांचे डबे, जुन्या लग्नपत्रिका चालतील. फक्त जाडी प्रमाणात बसवायला शिकवा. ९ इंची वीटभिंत प्लॅस्टरसह साधारण २५० मिमी, १:५० ला ती ५ मिमी. ३ मिमीचा पुठ्ठा त्याच प्रमाणात १५० मिमीची भिंत होतो, म्हणजे आतली पार्टिशन. कागदाच्या कडा दुमडून उभी केलेली भिंत दूरवरून छान दिसते, पण तिला जाडी नसते आणि खिडकीची खोली कळत नाही. ते मॉडेल पुन्हा बनवायला सांगा. थर्माकोलला झटपट चिकटणारा डिंक लावू नका, तो थर्माकोल खातो. पांढरा फेविकॉल लावा, टाचण्या टोचा, रात्रभर ठेवा. कटरने एका दमात कापू नका, स्टीलच्या पट्टीला लावून तीन हलके फेर. पट्टी धरणारी बोटं कडेच्या आत.

मॉडेलचा फोटो बहुतेक जण वरून काढतात, पक्ष्यासारखा. १:५० च्या मॉडेलमध्ये माणसाच्या डोळ्याची दीड मीटर उंची म्हणजे फक्त ३० मिमी. फोन सरळ उभा धरला तर कॅमेरा टेबलापासून १३ सेंमीवर असतो, म्हणजे साडेसहा मीटर, दुसऱ्या मजल्यावरून पाहिल्यासारखं. फोन उलटा करा, कॅमेरा खाली येईल, आणि दारातून आत बघा. जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी आपलीच खोली आतून पहिल्यांदा पाहतो तो या फोटोत, आणि छत बुटकं आहे, खिडकी भलत्या उंचीवर आहे हे त्याला न सांगता कळतं.

स्ट्रक्चर

यासाठी ३० सेंमीची प्लॅस्टिकची पट्टी पुरते. सगळ्यांनी दोन वह्यांवर पट्टी आडवी ठेवायची आणि मध्ये बोटाने दाबायचं: वाकते. मग तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबायचं: वाकत नाही. पट्टी ३० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड असेल तर रुंदी गुणिले उंचीचा घन या हिशेबाने आडवी ८१०, उभी ८१,०००. बरोबर शंभर पट ताठ. बीम उभट का असतो ते या दोन दाबांत समजतं. सूत्र त्यानंतर लिहा, आधी नको.

बांधकाम शिकवायचं तर मुलांना जवळच्या साइटवरून फोटो आणायला सांगा, पण दोन अटींवर: सोबत कुणीतरी मोठं माणूस आणि साइटवाल्याची परवानगी असेल तरच, आणि प्रत्येक फोटोत टेप दिसलीच पाहिजे. टेपशिवाय काढलेल्या सळयांच्या फोटोतून रिंगांमधलं अंतर सांगता येत नाही.

सॉफ्टवेअर

पहिल्या वर्षाला नको. दुसऱ्या वर्षापासून ऑटोकॅडचा विद्यार्थी परवाना आणि ब्राउझरमध्ये चालणारं मोफत स्केचअप पुरेसं आहे. अडचणी ठरलेल्या आहेत: जुन्या आवृत्तीत फाइल उघडत नाही, तेव्हा २०१३ च्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. एक्सरेफ, म्हणजे ड्रॉइंगला जोडलेल्या दुसऱ्या फाइली, हरवतात, तेव्हा ऑटोकॅडमधल्या ई-ट्रान्समिटने सगळं एकत्र बांधून पाठवा. पीडीएफमध्ये सगळ्या रेषा एकाच जाडीच्या येतात, तेव्हा प्लॉट स्टाइल (छापताना रेषांची जाडी ठरवणारी सेटिंग) तपासा. ऑनलाइन बोर्डवर वर्षभराचं काम ठेवून निर्धास्त राहू नका. गूगलचा जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ ला बंदच झाला. दर आठवड्याला बोर्डची पीडीएफ काढून ठेवा.

ज्युरी

ज्युरी म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडणं. त्यासाठी शीट्स दोन दिवस आधी परीक्षकांकडे जायला हव्यात, छापलेल्या. पडद्यावर ए-१ शीट पाहताना माणूस एक कोपरा मोठा करतो आणि बाकीचं विसरतो. त्या दिवशी विद्यार्थ्याने आधी सगळ्या शीट्स एकत्र दिसतील असं एक पान दाखवावं, मग एकेक. वीज जाणार हे गृहीत धरून प्रत्येकाची पाच मिनिटांची आवाजासह नोंद आधीच फोल्डरमध्ये असावी. वीज गेली तर ती नोंद लावा, आणि प्रश्न साध्या फोन कॉलवर विचारा. परीक्षकाने किमान एक प्रश्न असा विचारावा की उत्तर काढूनच द्यावं लागेल: ‘या जिन्याखालून जाताना डोक्यावर किती जागा उरते, सेक्शन (उभा छेद) काढून दाखव.’ विद्यार्थी वरच्या कॅमेऱ्याखाली कोरा कागद घेतो आणि पाच मिनिटं फक्त हात दिसतो. शीट कुणी केली आहे, याचं उत्तर त्या पाच मिनिटांत मिळतं.